तीन रांगा, दोन फ्लॅश आणि तळाची काळी पट्टी: एका ग्रुप फोटोचे प्रकरण

संध्याकाळची वेळ, बंद सभागृह, २४ माणसे. आठ जण खुर्च्यांवर, आठ त्यांच्या मागे उभे, आठ त्यांच्याही मागे फूटभर उंचीच्या बाकांवर. दोन रांगांत साधारण ९० सेंटिमीटर अंतर, म्हणजे पहिल्या रांगेपासून तिसरी १.८ मीटर मागे. सभागृह १६ मीटर लांब, ९ मीटर रुंद. छत साडेपाच मीटर उंच आणि गडद तपकिरी लाकडाचे. दिवे पिवळसर एलईडी, सुमारे ३००० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा). शेवटच्या रांगेमागे सहा मीटरवर दिव्यांनी सजवलेली भिंत होती, आणि ती फोटोत दिसायला हवी होती.

सामान असे: फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा (सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर स्पीड, १/२०० सेकंद), ३५ मिमी लेन्स, बॅटरीवर चालणारे दोन फ्लॅश (३५ मिमी झूमला गाइड नंबर, म्हणजे अपर्चर गुणिले अंतर या हिशेबातला फ्लॅशचा जोर, ३६; मीटर आणि आयएसओ १०० धरून), एक मीटर व्यासाच्या दोन पांढऱ्या आरपार छत्र्या, दोन स्टँड आणि एकाच पिनचा साधा रेडिओ ट्रिगर, सोबत एकच रिसीव्हर. उजवा फ्लॅश रिसीव्हरवर आणि डावा ऑप्टिकल स्लेव्ह मोडवर, म्हणजे दुसरा फ्लॅश चमकला की त्याला पाहून चमकणारा. दोन्ही स्टँड पहिल्या रांगेपासून अडीच मीटरवर आणि फ्लॅशची पॉवर १/८. कॅमेऱ्यावर अपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/४, शटर १/३२० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटो.

पहिल्या वीसेक फोटोंत चार दोष होते. तळाला काळी पट्टी, त्यामुळे पहिल्या रांगेचे पाय गायब. पहिल्या रांगेचे चेहरे फटफटीत आणि तिसरी रांग अंधारात. मागची भिंत काळीकुट्ट, तिच्यावरचे दिवे तेवढे नारिंगी ठिपक्यांसारखे. आणि डावा फ्लॅश कधी चमके, कधी नाही, त्यात काही संगती लागेना.

चारही दोष एकाच फोटोत दिसले की हात आपोआप फ्लॅशच्या पॉवरकडे जातो. इथेही आधी पॉवर वाढवली गेली. पुढची रांग आणखी पांढरी पडली, पट्टी होती तिथेच राहिली.

आधी दोन्ही फ्लॅश बंद

फ्लॅश लावून काढलेला फोटो म्हणजे एकावर एक बसलेली दोन एक्स्पोजर असतात. एक दिव्यांच्या उजेडाचे, दुसरे फ्लॅशचे. दिव्यांच्या उजेडावर शटर स्पीडचा परिणाम होतो. फ्लॅशच्या उजेडावर सिंक स्पीडच्या आत तो होत नाही, कारण फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळात चमकून विझतो. फ्लॅशचे एक्स्पोजर ठरते त्याच्या पॉवरवर आणि अंतरावर. अपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्ही एक्स्पोजरना सारखेच लागू. दोष कोणत्या उजेडाचा आहे हे कळल्याशिवाय कोणतेही बटण फिरवणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

म्हणून दोन्ही फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढला. तो जवळजवळ पूर्ण काळा आला. मीटर सांगत होते की एफ/४ आणि आयएसओ ४०० वर या दिव्यांत बरोबर एक्स्पोजरसाठी १/८ सेकंद लागेल. १/३२० म्हणजे त्याहून ४० पट कमी, सव्वापाच स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). काळ्या भिंतीचा उलगडा इथेच झाला. दिव्यांचा उजेड फोटोत येतच नव्हता, आणि फ्लॅशचा उजेड तिथवर पोहोचेपर्यंत पार विरून जात होता.

यानंतर रिसीव्हर आलटूनपालटून लावून, एका वेळी एकच फ्लॅश चालू ठेवून दोन फोटो काढले. पट्टी दोन्हींत आली, त्यामुळे ती एखाद्या फ्लॅशची नाही, कॅमेऱ्याची आहे हे नक्की झाले.

पट्टी

फोकल प्लेन शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. सिंक स्पीडपर्यंत एक क्षण असा असतो की संपूर्ण सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश नेमका त्या क्षणी चमकतो. त्याहून वेगात पहिला पडदा टोकाला पोहोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो. त्याने झाकलेल्या भागावर फ्लॅशचा उजेड पडत नाही. लेन्समधून सेन्सरवर पडणारी प्रतिमा उलटी असते, म्हणून सेन्सरचा वरचा भाग झाकला गेला की फोटोचा तळ काळा होतो. कॅमेरा उभा धरला तर हीच पट्टी बाजूला जाते.

कॅमेऱ्याच्याच कंपनीचा फ्लॅश हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) असेल, तर दोघांचे आपसांत बोलणे होते आणि कॅमेरा शटर सिंक स्पीडच्या वर जाऊ देत नाही. एका पिनच्या ट्रिगरची गोष्ट वेगळी. तो फक्त ‘चमक’ एवढाच निरोप पोहोचवतो. फ्लॅश जोडला आहे याचा कॅमेऱ्याला पत्ताच नसतो, तो १/३२० मुकाट्याने मान्य करतो. त्यातच रेडिओ ट्रिगर निरोप पोहोचवायला थोडा वेळ खातो. स्वस्त ट्रिगरवर काही वेळा सिंक स्पीडलाही तळाला बारीक काळी कड येते. तशी दिसली तर १/१६० वर उतरावे.

सगळ्या पट्ट्या मात्र शटरच्या नसतात. शटरची पट्टी एकच असते, नेहमी एकाच कडेला, आणि वेग कमी केला की जाते. एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याने येणाऱ्या पट्ट्या अनेक, पुसट आणि दर फोटोत जागा बदलणाऱ्या असतात. आणि काळा भाग तळाशी गोलाकार असेल, तर कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या वाटेत लेन्सचे हूड आले आहे असे समजावे.

हाय स्पीड सिंक वापरून १/३२० राखता आले असते का? या ट्रिगरवर नाही. आणि जमले असते तरी घाट्याचाच सौदा. त्या मोडमध्ये फ्लॅश एक मोठा झोत देण्याऐवजी शटरचा प्रवास चालू असेपर्यंत बारीक बारीक स्पंदने सोडत राहतो, आणि दोन स्टॉप किंवा त्याहूनही जास्त उजेड गमावतो. भर उन्हात मोठ्या अपर्चरवर त्याचा खरा उपयोग. सभागृहात शटर वेगवान ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. उलट ते सावकाश हवे होते.

पांढरी पहिली रांग

या प्रकरणाचा गाभा हा दोष. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. फ्लॅश पहिल्या रांगेपासून अडीच मीटरवर, म्हणजे तिसऱ्यापासून ४.३ मीटरवर. ४.३ ला २.५ ने भागले की १.७२, त्याचा वर्ग जवळपास ३. पुढच्या रांगेला मागच्याच्या तिप्पट उजेड, दीड स्टॉपहून थोडा जास्त फरक. पॉवर वाढवा की कमी करा, हा फरक तसूभरही बदलत नाही, कारण तो अंतरांच्या गुणोत्तरातून आलेला असतो.

पुढची रांग किती पांढरी पडली तेही मांडून पाहता येते. गाइड नंबर ३६, आयएसओ ४०० ला त्याची दुप्पट, ७२. आरपार छत्री साधारण दोन स्टॉप खाते, उरले ३६. ३६ ला अडीच मीटरने भागले की पूर्ण पॉवरला एफ/१४ मिळतो. १/८ म्हणजे तीन स्टॉप खाली, एफ/५ च्या आसपास. कॅमेरा होता एफ/४ वर. पहिली रांग पाऊण स्टॉप जास्त, तिसरी तेवढीच कमी. दिसत होते तेच.

उपाय एकच, फ्लॅश मागे नेणे. दोन्ही स्टँड पहिल्या रांगेच्या मध्यापासून सहा मीटरवर नेले: कॅमेरा ४.५ मीटरवर, स्टँड त्याच्या रेषेच्या किंचित मागे आणि दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मीटर. तिसरी रांग आता सुमारे ७.५ मीटरवर आली आणि फरक दोन तृतीयांश स्टॉपपर्यंत उतरला. मग छत्र्यांची टोके पहिल्या रांगेकडून उचलून तिसऱ्या रांगेच्या डोक्यांवर रोखली. छत्रीचा मधला, जोरदार उजेड मागे गेला आणि कडेचा मवाळ उजेड पुढच्यांना मिळाला. राहिलेला फरक डोळ्याला जाणवेनासा झाला. फ्लॅश मागे नेला की उजेड थोडा कडक होतो हे खरे. पण २४ जणांच्या फोटोत कोणाच्या गालावरची सावली किती मऊ आहे हे कोणी बघत नाही, तिसऱ्या रांगेतला माणूस ओळखू येतो का हे बघतात.

उजवा फ्लॅश गटाच्या डाव्या टोकाकडे आणि डावा उजव्या टोकाकडे रोखला. प्रत्येकाने आपल्याच बाजूकडे पाहिले तर त्या बाजूची माणसे उजळतात आणि मधली पडतात.

स्टँडची उंची २.८ मीटर केली. आधी फ्लॅश डोक्याच्या पातळीवर होते, त्यामुळे दुसऱ्या रांगेच्या डोक्यांच्या सावल्या तिसरीच्या हनुवटीवर पडत होत्या. एवढ्या उंचीवर छत्री लावलेला स्टँड एखाद्याच्या धक्क्यानेही कलंडतो, म्हणून पायावर वाळूची पिशवी. ती नसेल तर जड सामानाची बॅग मधल्या दांड्याला टांगावी, आणि स्टँडचा एक पाय छत्रीच्या दिशेला ठेवावा.

छतावरून बाउन्स करण्याची सूचना अशा वेळी कोणीतरी करतेच. छत पांढरे आणि अडीच-तीन मीटरवर असेल तर ती चांगली आहे. इथे उजेड वर जाऊन खाली येईपर्यंत त्याची वाट दुपटीच्या आसपास गेली असती, वर तपकिरी लाकडाने उरलासुरला गिळून तपकिरी रंग परत दिला असता.

काळी भिंत आणि दोन रंगांचा उजेड

भिंत उजळायची तर दिव्यांचे एक्स्पोजर वाढवायला हवे. ध्येय असे ठरले की दिव्यांचा उजेड बरोबर एक्स्पोजरच्या दीड ते दोन स्टॉप खाली राहावा. वातावरण दिसावे, पण हलणारी माणसे पुसट होऊ नयेत.

अपर्चर एफ/५.६ घेतले. ३५ मिमी लेन्सवर दुसऱ्या रांगेला, म्हणजे ५.४ मीटरवर फोकस केला, तर एफ/५.६ ला साधारण तीन मीटरपासून वीस मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट राहते. गटासाठी एफ/११ हवेच ही समजूत इथे फ्लॅशला विनाकारण चौपट राबवते. फोकस मात्र पहिल्या रांगेवर नको.

आयएसओ १६०० आणि एफ/५.६ ला दिव्यांसाठी बरोबर वेळ १/१५ च्या जवळ निघते. १/५० ठेवले की दिवे सुमारे १.६ स्टॉप खाली जातात. १/५० निवडण्यामागे आणखी एक कारण होते. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० आणि १/१०० मध्ये लुकलुक पूर्ण आवर्तनात मोजली जाते आणि पट्ट्या येत नाहीत. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६०.

गटात लहान मुले असती तर आयएसओ ३२०० आणि १/१०० घेतले असते. दिव्यांचे एक्स्पोजर तेवढेच राहते, हलण्याचा धोका निम्मा होतो आणि फ्लॅशचे कामही निम्म्यावर येते.

आता रंग. फ्लॅशचा उजेड सुमारे ५६०० केल्विन, दिवे ३००० केल्विन. व्हाइट बॅलन्स फ्लॅशला धरून ठेवला तर भिंत नारिंगी, दिव्यांना धरून ठेवला तर माणसे निळी. नंतर संगणकावर हे सुटत नाही, कारण एकाच चेहऱ्यावर दोन्ही उजेड मिसळलेले असतात. म्हणून दोन्ही फ्लॅशवर फुल सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक फिल्टर) लावला. तो ५६०० ला २९५० च्या आसपास आणतो, म्हणजे फ्लॅश दिव्यांच्या रंगात येतो. कॅमेऱ्यावर व्हाइट बॅलन्स हाताने ३२०० ठेवला, ज्यामुळे किंचित ऊब राहिली. ऑटो व्हाइट बॅलन्सवर असताना दर फोटोचा रंग बदलत होता आणि जेल लावल्याचा फायदाच कळला नसता. जेल फ्लॅशच्या काचेवर घट्ट चिकटवू नये. पूर्ण पॉवरवर सलग काम केले की तो वितळून काचेला धरतो. हलका बाक देऊन बाजूंना पट्ट्याने बांधावा.

दिवे हिरवट ट्यूब किंवा हलक्या दर्जाचे एलईडी असते तर सीटीओने भागले नसते, हिरवा जेलही लागला असता. इथे तशी झाक दिसली नाही.

पॉवरचा हिशेब पुन्हा मांडला. गाइड नंबर ३६, आयएसओ १६०० ला चौपट, १४४. दुसरी रांग फ्लॅशपासून पावणेसात मीटरवर, म्हणजे एफ/२१. छत्रीचे दोन स्टॉप वजा करून एफ/१०.५. फुल सीटीओ पाऊण स्टॉपहून थोडे जास्त खातो, उरला एफ/८. हवे एफ/५.६, म्हणजे एक स्टॉप शिल्लक. एकच फ्लॅश असता तर १/२ पॉवर. दोन्हींचा उजेड एकमेकांवर पडत असल्याने प्रत्येकी १/४. पहिला चाचणी फोटो जरासा उजळ आला. त्यात नवल नाही, १.६ स्टॉप खाली असलेले दिवेही चेहऱ्यांवर तिसरा हिस्सा उजेड भरतच होते. दोन्ही फ्लॅश एक तृतीयांश स्टॉप कमी केले आणि चेहरे जागेवर आले. भिंत चेहऱ्यांच्या साधारण एक स्टॉप खाली राहिली, कारण दूर नेलेल्या फ्लॅशचा थोडा उजेड आता तिच्यापर्यंतही जात होता.

टीटीएल (लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यानेच ठरवण्याची पद्धत) मुद्दाम टाळले, आणि ट्रिगर टीटीएलचा असता तरी टाळले असते. माणसे, अंतर, दिवे यांपैकी काहीच बदलत नसताना दर फोटोला मोजमाप नव्याने कशाला? मधल्या माणसाचा पांढरा शर्ट जरा हलला की टीटीएल पॉवर बदलते. शिवाय टीटीएलचा मुख्य झोत येण्याआधी एक पूर्वझोत येतो, आणि काही जणांच्या पापण्या त्यालाच मिटतात.

डावा फ्लॅश

त्या पूर्वझोतानेच डाव्या फ्लॅशचे गूढ सुटले. ऑप्टिकल स्लेव्हला उजेड कोणाचा हे कळत नाही. सभागृहात आणखी एक जण कॅमेऱ्यावर टीटीएल फ्लॅश लावून फोटो काढत होता. त्याच्या प्रत्येक फोटोला डावा फ्लॅश चमकून रिकामा होई, आणि आपल्या फोटोच्या वेळी तो अजून भरत असे. स्लेव्हचा एस१ हा मोड पहिल्याच झोताला उत्तर देतो. एस२ पूर्वझोत सोडून देतो, पण परक्या फ्लॅशच्या मुख्य झोताला तोही फसतोच. दुसरा रिसीव्हर मिळवून डावा फ्लॅशही रेडिओवर घेतला, चॅनल बदलला, आणि संगती लागली.

रेडिओवरही फ्लॅश चुकू लागला तर तपासायचा क्रम असा ठेवावा: ट्रिगर हॉट शूमध्ये पूर्ण आत सरकून चाक घट्ट आवळले आहे का, फ्लॅश स्टँडबायला जाऊन झोपला आहे का (हे सेटिंग आधीच बंद करावे), चॅनल आणि ग्रुप जुळतात का, २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी आहे का. बॅटरीची शंका शेवटी, कारण बॅटरी उतरली की फ्लॅश चुकण्याआधी हळू होतो आणि आपली चाहूल देतो. दोन्ही फ्लॅश अजिबातच चमकत नसतील तर कॅमेऱ्याचे सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिले आहे का ते बघावे. बहुतेक कॅमेरे त्यात फ्लॅशला निरोपच देत नाहीत.

फिल्मच्या काळातला फ्लॅश हाताशी असेल तर तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याआधी मल्टिमीटर लावावा. फ्लॅश चालू करून तयार झाल्याचा दिवा लागू द्यावा आणि मधला पिन व बाजूची पट्टी यांतला डीसी व्होल्टेज मोजावा. काही जुन्या फ्लॅशवर तो २०० च्या वर निघतो. काही कॅमेरे २५० व्होल्ट सहन करतात, काहींना ६ च्या वर चालत नाही. पुस्तिकेतला आकडा पाहूनच जोडावा. रिसीव्हरलाही तशीच मर्यादा असते.

शेवटचे बारा फोटो

अंतिम मांडणी: एफ/५.६, १/५०, आयएसओ १६००, ३२०० केल्विन, दोन्ही फ्लॅश १/४ हून एक तृतीयांश स्टॉप कमी, झूम ३५. कॅमेरा छोट्या स्टुलावरून १.९ मीटर उंचीवर, म्हणजे तिन्ही रांगांची डोकी एकमेकांपासून सुटी दिसतात. व्ह्यूफाइंडरमधला एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद. तो फक्त दिव्यांचा उजेड दाखवतो, त्यामुळे मॅन्युअल फ्लॅशच्या कामात चित्र अंधारे दिसते आणि कोणीतरी हमखास सेटिंग बिघडवते.

एका फ्लॅशला चार एनआयएमएच (रिचार्ज होणारे) सेल. या पॉवरवर भरायला सेकंदभर लागला, तरी दोन फोटोंमध्ये तीन सेकंद सोडले. फोटो बारा काढले, कारण २४ जणांत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटतातच. सगळ्यांना डोळे मिटायला सांगून तीन मोजल्यावर उघडायला लावले, मग मिटलेल्यांची संख्या बरीच घटली.

दोन फोटोंत पहिल्या रांगेतल्या एका चष्म्यावर चकाकी आली. त्या व्यक्तीने मान डावीकडे वळवली होती, त्यामुळे डाव्या छत्रीचे प्रतिबिंब काचेतून सरळ लेन्सकडे येत होते. फ्लॅश हलवला नाही. मान समोर घ्यायला आणि चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचलायला सांगितले. काचा किंचित खाली झुकल्या, चकाकी गुडघ्यांकडे गेली, आणि पुढच्या दहाही फोटोंत डोळे स्वच्छ दिसले.